शेवटचं कडवं कुणी गातच नाही

भोंगा | २ मे, रात्री ११.१२

काल १ मे ला आमच्या सोसायटीत महाराष्ट्र दिन झाला. म्हणजे सकाळी झेंडा, मग वडापाव, आणि संध्याकाळी कराओके. एका काकांनी 'माझी मैना गावावर राहिली' घेतलं, आवाज चांगला होता त्यांचा, ढोलकीचा ट्रॅक पण बरा होता, दोघातिघांनी शिट्ट्या पण मारल्या. मैनेच्या रूपाची दोन कडवी झाली आणि काका थँक्यू म्हणून खाली बसले. मी शेजारणीला म्हटलं, अगं अजून राहिलंय की गाणं! तर ती म्हणाली एवढंच असतं, माझ्या फोनमध्ये पण एवढंच आहे.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हे गाणं अण्णाभाऊ साठेंचं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं. वरवर पाहिलं तर मुंबईला पोटासाठी आलेला एक गडी गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतोय. ती कशी दिसते, कशी चालते, निघताना तिची काय गत झाली, सगळं येतं. पण गाणं संपतं तिथे तो म्हणतो की जशी माझी आणि मैनेची ताटातूट तशीच या तुटलेल्या महाराष्ट्राची, आणि मग गावांची नावं येतात, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. म्हणजे सगळं गाणं त्या शेवटासाठी रचलेलं आहे, आणि आपण नेमका तोच कापून टाकलाय! मैना ठेवली, नकाशा फेकून दिला.

माझे वडील कापड गिरणीत, सांचा (माग) खात्यात होते. १९५७ ला पाटण तालुक्यातून मुंबईला आले, एकोणीस वर्षांचे. लालबागला गावच्या गाळ्यात पंधरा वीस जण, पाळीपाळीने झोपायचे, एक उठला की त्याच्या गरम वळकटीवर दुसरा. जेवण खाणावळीत. बदली कामगार म्हणून रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, आज काम आहे का नाही ते मुकादम सांगणार. त्या दिवसांत कामगार मैदानात शाहीर अमर शेखांना ऐकलेलं ते मरेपर्यंत सांगायचे. म्हणायचे, माईक बंद पडला तरी मागच्या माणसाला ऐकू जायचं. आता यात किती खरं आणि किती वडिलांचं, देव जाणे. पण हे गाणं त्यांना अख्खं पाठ होतं, शेवटासकट. रेकॉर्ड नाही, पुस्तक नाही, नुसतं ऐकून. रविवारी दाढी करताना म्हणायचे, आणि बेळगाव आलं की वस्तरा थांबवून हात वर करायचे. मला लहानपणी वाटायचं बेळगाव म्हणजे कुणीतरी आपला नातेवाईक आहे जो फार वर्षं घरी आलेला नाही.

आता दुसरी बाजू. आई.

आईचं लग्न १९६७ चं. ती मुंबईला आली १९७७ ला. मधली दहा वर्षं ती गावाला, सासू-सासरे, दोन म्हशी, भाताची खाचरं, आणि वडील वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला. मी जन्मले तेव्हा वडील नव्हते, धाकट्याच्या वेळी पण नव्हते. मग कसंबसं खोलीचं जमलं, आई आली, आणि पाच वर्षं नीट संसार झाला तोवर १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. अडीच लाख माणूस घरी बसला. पहिले दोन-तीन महिने चाळीत जत्रेसारखं वातावरण होतं, सभा, गाणी, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या घोषणा. दिवाळीपर्यंत लोकांनी भांडी विकायला काढली. वडिलांनी आईला आणि धाकट्याला परत गावी पाठवलं, मला शाळेसाठी आत्याकडे ठेवलं. आई परत मैना झाली.

मी हे असं अगदी साहित्यिक थाटात एकदा आईला बोलून पण दाखवलं होतं, कॉलेजात होते तेव्हा, फार वाचत होते तेव्हा. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ते गाणं तुझ्या बापाचं. त्यात मी दिसते कशी ते हाय, मी खाल्लं काय ते न्हाई.

तर मला विचारायचंय की तुमच्याकडे अशी गाणी आहेत का? जी तुम्ही लाडाने ऐकत मोठे झालात आणि नंतर कळलं की यात कुणीतरी उभं आहे आणि कुणीतरी बाहेर राहिलंय. कुठलंही चालेल, हिंदी, मराठी, भजन, इंग्रजी. भांडा पण जपून.

ताल_बेताल | ३ मे, सकाळी ७.४०

वाचनखूण साठवली. आईचं वाक्य काळजात गेलं.

थोडी भर. ही छक्कड आहे, लावणी नव्हे, बऱ्याच ठिकाणी लावणी म्हणून छापतात म्हणून सांगितलं (सवय आहे, माफ करा). अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर या तिघांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं, तिघेही कम्युनिस्ट. अण्णाभाऊ वाटेगावहून घरच्यांबरोबर चालत मुंबईला आलेले, गिरणीत काम केलेले, म्हणजे गाण्यातला गडी काही कल्पनेतला नाही. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, आई ओव्या गायची आणि गाणं तिच्याकडून आलं असं म्हणतात. दोघे गेले एकाच वर्षी, १९६९. अण्णाभाऊ १८ जुलैला, अमर शेख २९ ऑगस्टला अपघातात. सहा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राचे दोन गळे गेले.

आणि आता बघा, २०२२ ला मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा बसला, अनावरणाला आपल्याकडून कोण गेलं तर भाजपचे नेते देवेंद्र फडणवीस. स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिणारा माणूस! मला यात टोमणा मारायचा नाहीये, पुतळा बसला ते चांगलंच झालं. पण पुतळ्याला शेवटचं कडवं गायला लावता येत नाही हा पुतळ्याचा मोठा फायदा असतो.

निर्मळ_आनंद | ३ मे, सकाळी ९.०५

लेख छान, आठवणी छान. पण प्रामाणिकपणे सांगतो, प्रत्येक गाण्यात वर्ग, जात, प्रांत शोधायचा हा जो सोस आहे ना त्याने गाणं मरतं. काकांनी दोन कडवी गायली, लोकांना आनंद झाला, विषय संपला. सोसायटीच्या कार्यक्रमात सीमाप्रश्न कशाला? सूर हा सूर असतो. मी तर संगीत ऐकतो ते हे सगळं विसरायलाच.

भोंगा | ३ मे, सकाळी ९.३१

@निर्मळ_आनंद विसरायला ऐकता ते मान्य, मी पण ऐकते. पण हे गाणं ज्याने लिहिलं त्याने आठवण राहावी म्हणून लिहिलंय हो. त्याचं काय करायचं?

चहाटळ_पुणेकर | ३ मे, दुपारी १.१५

हलकंफुलकं सांगतो. आमच्या घरी राजकारण आलं ते किशोरकुमारमुळे. वडील कट्टर काँग्रेसवाले, इंदिराबाईंचा फोटो दिवाणखान्यात. आणि कट्टर किशोरभक्त. आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात एकदम किशोरची गाणी विविध भारतीवरून गायब. आधी त्यांना वाटलं आपला रेडिओच बिघडलाय, दोनदा दुकानात नेऊन आणला. मग कुणीतरी कानात सांगितलं की त्याने वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला नकार दिला म्हणून आकाशवाणी-दूरदर्शनवर बंदी आहे. आजी सांगते, वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तुरुंगात एवढी माणसं गेली, पेपर कोरे निघाले, तेव्हा ते 'शिस्त हवीच' म्हणत होते, आणि फिरले कशावर तर किशोरवर! १९७७ ला मत कुणाला दिलं ते कधीच सांगितलं नाही, पण निकालाच्या रात्री रेडिओ छातीशी धरून बसले होते एवढं आजीने पाहिलेलं आहे.

आईने एकदा विचारलं, समजा किशोरने नकार दिला नसता तर? वडील म्हणाले, चहा टाक.

मनमाड_जंक्शन | ३ मे, रात्री १०.४८

दिवसभर विचार करत होतो लिहू का नको.

आम्ही रेल्वे क्वार्टरमधले, जयभीमवाले. समोरच्या लायनीत सवर्ण कुटुंबं, वाईट नव्हते कुणी, वाटीने साखर द्यायचे घ्यायचे (वाटी मात्र त्यांची त्यांची). श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण असायचा आणि लाऊडस्पीकरवर सकाळपासून कॅसेट, 'ऐका सत्यनारायणाची कथा'. आषाढात 'पाऊले चालती'. गणपतीत 'तूच सुखकर्ता'. आवाज एकच, प्रल्हाद शिंदेंचा. आणि १४ एप्रिलला आमच्या लायनीत भीमगीतांची कॅसेट लागायची, तिच्यावर आवाज कुणाचा? प्रल्हाद शिंदेंचाच!

मी सातवी-आठवीत होतो, समोरच्या मित्राला म्हटलं अरे हा तोच गायक आहे. तो मानायलाच तयार नाही. म्हणे नाव सारखं असेल. मग मी त्याला आमची कॅसेट दिली ऐकायला. तिसऱ्या दिवशी परत आणून दिली, त्याच्या आईने पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. म्हणाला, आवाज तोच आहे रे. पुढे काही बोलला नाही, मी पण नाही बोललो. आज तो माझा व्याही व्हायचा बाकी आहे एवढी दोस्ती आहे, पण त्या फडक्याबद्दल आम्ही चाळीस वर्षांत एकदाही बोललेलो नाही. ते कॅसेटला धूळ लागू नये म्हणून होतं की आणखी कशासाठी, मला खरंच कळलेलं नाही.

घरात माझ्या वडिलांचं वेगळंच. ते वामनदादा कर्डकांचे भक्त, दादा सिन्नरकडचे, आमच्या पट्ट्यातले. वडिलांना प्रल्हाद शिंदेंचा राग यायचा. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि हा माणूस सत्यनारायण गातो म्हणजे काय! आई म्हणायची, त्याला पोरंबाळं आहेत, तुमचे वामनदादा त्याच्या चुलीत लाकूड घालणार आहेत का? हे भांडण दर श्रावणात, ठरलेलं. आता दोघेही नाहीत आणि मला दोघांचंही पटतं.

तेव्हा @निर्मळ_आनंद, सूर हा सूर असतो हे मला पण आवडलं असतं. पण आमच्या लायनीत सूर समोरच्या घरात जायचा आणि गाणारा उंबऱ्यावर राहायचा.

ताल_बेताल | ३ मे, रात्री ११.२०

@मनमाड_जंक्शन हे वेगळा लेख म्हणून लिहा, प्लीज. +१००

टिळकवाडी | ४ मे, सकाळी ६.५५

बेळगावहून लिहितेय. (आमच्यात बायका पण 'मी लिहितो' म्हणतात, पण इथे शुद्ध लिहिते नाहीतर तुम्ही हसणार.)

धागाकर्तीच्या वडिलांसारखे हात वर करणारे आमच्या घरी पण होते, मामा. १ नोव्हेंबरला काळा दिन, सायकल फेरी, दंडाला काळी फीत, आणि हे गाणं. पूर्ण! आमच्याकडे शेवटचं कडवं कधीच कापलं जात नाही, उलट कधीकधी पहिली सोडून थेट तेच घेतात. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून मामांची अख्खी हयात 'येणार, येणार' यात गेली. महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांची यादी त्यांना पाढ्यासारखी पाठ. २००४ ला महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला तेव्हा पेढे वाटलेले. पेढे खाणारी निम्मी माणसं गेली, दावा आहे तिथेच आहे.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. मामा काळा दिन करून घरी यायचे, आंघोळ करायचे, आणि भीमसेन लावायचे. आधी अभंग. मग कॅसेट उलटून कन्नड दासवाणी, म्हणजे इकडच्या संतांची भजनं. डोळे मिटून. एकदा मी विचारलं, मामा सकाळी कन्नड सक्ती मुर्दाबाद म्हणालात आणि आता हे काय? मामा म्हणाले, ते सरकारचं कन्नड, हे पुरंदरदासांचं. आता भीमसेन गदगचे, मन्सूर धारवाडचे, आणि कुमार गंधर्व तर आमच्या जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, इथून हाकेच्या अंतरावर. घरी कन्नड, मराठीत अभंग, हिंदीत कबीर. हे लोक कुणाच्या यादीत घालणार? महाराष्ट्राच्या का कर्नाटकाच्या?

गाण्यात आम्ही नाव म्हणून येतो, बेळगाव, की टाळ्या. मुंबईत एका लग्नात मी बेळगावची म्हटल्यावर एका काकूंनी मला मिठीच मारली आणि पुढच्या वाक्याला विचारलं, तुमच्याकडे मराठी समजतं का हो? ती पण मैनाच की. रूप ठाऊक, पत्ता ठाऊक नाही.

दगडफेक होते तेव्हा बस आमच्या फुटतात. माझी मुलगी कन्नड माध्यमात शिकते, दोन्ही भाषांत भांडते. मामांना शेवटी शेवटी तीच पेपर वाचून दाखवायची, मराठी आणि कन्नड दोन्ही, त्यांचे डोळे गेले होते.

आणि जाता जाता, तुमच्या राज्यगीतात नद्या आहेत ना, त्यातली भद्रा आमच्या कर्नाटकातली, शिमोग्याकडची. वरदा पण इकडचीच. २०२३ ला अधिकृत राज्यगीत केलंत, दोनच कडवी घेतलीत, पण नद्या परत नाही केल्यात :)

वऱ्हाडी_ठेचा | ४ मे, सकाळी १०.१०

थांबा थांबा, वरदा म्हंजे आमची वर्धा नदी हाये! तिच्यावर हक्क सांगू नका राजेहो.

बाकी संयुक्त महाराष्ट्राच्या गाण्याईनं आमच्या आजोबाच्या अंगावर कधी काटा नाई आला, ते वेगळा विदर्भवाले. त्याईचं गाणं म्हंजे तुकडोजी महाराज, खंजेरी. चिमूरचं प्रकरण झालं बेचाळीसच्या ऑगस्टात तवा महाराजाईले पण इंग्रजाईनं जेलात टाकलं होतं. आजोबा म्हने, आमच्या गान्यानं इंग्रज घाबरला आन तुमच्या गान्यानं आमची राजधानी मुंबईले गेली. मंग हासे.

टिळकवाडी | ४ मे, सकाळी १०.२५

@वऱ्हाडी_ठेचा वर्धा घ्या तुम्ही. भद्रा सोडणार नाही.

कुळागर | ४ मे, दुपारी ३.३०

गोव्याहून. घरी बोलतो कोकणी, वाचतो मराठी, आणि आरती-भजन सगळं मराठीत. म्हणजे या धाग्यावर मी यावं का नको हाच आमच्याकडे साठ वर्षांचा वाद आहे.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. विलीनीकरणवाल्यांची निशाणी फूल, वेगळं राहणाऱ्यांची दोन पानं. माझे आजोबा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचे, पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर म्हणजे देव, भाटकारांच्या (जमीनदारांच्या) कुळांना माणूस त्यांनी केलं असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. ते फुलाचे. आजीचा भाऊ दोन पानांचा. महाराष्ट्रातून वक्ते यायचे, आजोबा त्यांना जेवू घालायचे. तिकडून हा भाऊ उल्हास बुयांवांची कोकणी गाणी गुणगुणत मुद्दाम परसातून जायचा. आजी चुलीकडे दोन्ही ऐकत. दोन पानं जिंकली, ३४,०२१ मतांनी. आजोबा आठवडाभर जेवले नाहीत असं सांगतात, आजीचं म्हणणं दोनच दिवस, तिसऱ्या दिवशी बांगडे आले होते.

आता ते 'माझी मैना' मी पहिल्यांदा ऐकलं पुण्यात शिकायला होतो तेव्हा, हॉस्टेलवर, एका सांगलीच्या मित्राकडून. पूर्ण म्हणायचा तो. आणि मला एकदम आजोबा आठवले आणि रडू आलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की बरं झालं दोन पानं जिंकली. दोन्ही एकदम! म्हणजे गाणं म्हणतं माझी मैना, पण मैनेला कुणी विचारलं का? आम्हाला विचारलं, मत घेतलं, आम्ही नको म्हटलं. अजून काही मराठी मित्र त्यावर रुसून असतात, जणू ठरलेलं लग्न मोडलं.

भोंगाताईंच्या आईचं वाक्य वाचून म्हणूनच हे लिहिलं. आजीला एकदा विचारलं होतं, तू मत कुणाला दिलंस? ती म्हणाली, पानांवर फूल ठेवून देवाला वाहतात, वेगळं कधी वाहिलंय का? हे उत्तर आहे की टाळणं आहे ते तुम्ही ठरवा. मला तरी वाटतं टाळणं.

निर्मळ_आनंद | ४ मे, सायंकाळी ६.०२

बरं, मी माघार घेत नाहीये पण वाचतोय सगळं. मनमाड, तुमची कॅसेटची गोष्ट वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

तरी सांगतो, माझं आवडतं गीतरामायण. त्यात कुठलं आलंय राजकारण? गदिमा, बाबूजी, पुणे आकाशवाणी, १९५५ ची रामनवमी, छप्पन्न गाणी. आमच्या वाड्यात रेडिओला हार घालायचे. एवढं एक तरी सोडा.

ताल_बेताल | ४ मे, सायंकाळी ७.१८

@निर्मळ_आनंद सोडलं असतं हो, पण बाबूजींनीच सोडलेलं नाही. गीतरामायणाच्या आदल्या वर्षी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टात, सुधीर फडके दादरा नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष होते, पोर्तुगीजांविरुद्ध. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. त्याच्या निधीसाठी लताबाईंनी पुण्यात कार्यक्रम केला होता. एवढा हळवा आवाज आणि खांद्यावर मोहिमेचं सामान, मला हे चित्र फार आवडतं. बाबूजी पक्के संघाचे, गदिमा काँग्रेसकडे झुकलेले, विधान परिषदेत पण होते. दोघांचं जमत नव्हतं असं नाही, पण एकमत होतं असंही नाही. तरी छप्पन्न गाणी झाली.

म्हणजे बघा, तुमच्या बिनराजकारणी गाण्यातसुद्धा दोन पक्ष एका पेटीवर बसलेले आहेत. हे तर मला चांगलंच लक्षण वाटतं.

निर्मळ_आनंद | ४ मे, सायंकाळी ७.३०

सिल्वासाचं माहीत नव्हतं. वाचतो.

आडवी_गल्ली | ५ मे, रात्री १२.४०

घाटकोपर. मी फार लिहीत नाही.

११ जुलै १९९७, रमाबाई नगर. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, लोक हायवेवर, पोलिसांचा गोळीबार, दहा माणसं गेली. मी सतरा वर्षांचा होतो, आमची वस्ती पलीकडे. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे गेले, मुलुंडला, स्वतःच्या खोलीत गळफास लावून. डाव्या चळवळीतला माणूस, लाल झेंड्याची गाणी गायचा, आमच्या झोपडपट्टी तोडण्यावर गायचा. जाताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होतो, ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघा, तीन तासांच्या वर आहे, वेळ काढून बघा.

अण्णाभाऊ पण बरीच वर्षं घाटकोपरलाच, चिरागनगरच्या झोपडीत राहिले. आमच्या लोकांची गाणी आणि आमच्या लोकांची घरं यांचं काहीतरी आहे. आता त्या बाजूला टॉवर झालेत, १ ऑगस्टला अण्णाभाऊ जयंतीचा डीजे लागतो, शब्द ऐकू येत नाहीत, बेस फक्त. टॉवरवाले पोलिसांना फोन करतात. मला डीजेचा पण राग येतो आणि फोन करणाऱ्यांचा पण. नाचणाऱ्या पोरांचा येत नाही, मी पण नाचलोय.

दुरून_डोंगर | ५ मे, पहाटे ४.१५

न्यू जर्सी. इथल्या मंडळात महाराष्ट्र दिनाला हे गाणं बसवलंय, नृत्य, सोळा मुली, नऊवारी शिवलेल्या. आज रिहर्सलला मी हळूच म्हटलं शेवटचं कडवं पण घेऊ या. कोरिओग्राफर म्हणाली, त्यावर स्टेप्स काय करणार, गावांची नावं आहेत नुसती. मी हा धागा तिला पाठवलाय. काय होतं ते सांगते.

भोंगा | ६ मे, रात्री ९.५०

सगळ्यांना एकेक उत्तर देणं शक्य नाही, काही प्रतिसाद वाचून नुसती बसून राहिले. मनमाड, कुळागर, टिळकवाडी, तुमच्यासाठी चहा उधार.

काल आईकडे गेले होते. ती धाकट्याकडे असते, बदलापूरला, शहात्तर वय, कान शाबूत. धागा मोठ्याने वाचून दाखवला, हँडलं वगळून. गोव्याच्या आजीवर हसली. बांगड्याचं तिला एकदम पटलं. बेळगावच्या मामांवर म्हणाली, त्याची बायको काय करीत होती दिवसभर?

मग मी फोनवर गाणं लावलं. एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळालं, खरखरीत आहे पण पूर्ण आहे. आई डोळे मिटून ऐकत होती. शेवट आला, बेळगाव आलं, आणि माझा हात आपोआप वर गेला, मलाच कळलं नाही. आईने डोळे उघडून बघितलं. बाप करायचा तसंच, म्हणाली.

नंतर थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाली, आम्ही पण म्हणायचो की जात्यावर, तुम्ही कुठं ऐकलंय. मी म्हटलं म्हण. आधी नको नको, आठवत नाही, मग एकच म्हणाली, चालीत, जरा दम खात.

मुंबईच्या वाटं, आगीनगाडी जाती
मनीऑर्डरीवं उठं, अंगठ्याची माझ्या माती

ही तू रचलीस? तर म्हणाली काय की, त्येवढ्यात कोण बघतंय कुणी रचली, चौघी दळायला बसायचो. सगळ्यांच्याच अंगठ्याला माती.

रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही मला. पुढच्या रविवारी जाणार आहे परत. निघताना चपला घालत होते तर आतून हाक मारून विचारते, ए, ते बेळगाव कळलं, पण डांग कुठं आलं?

मी म्हटलं, गुजरातेत.

म्हणाली, लांब हाय.

टिळकवाडी | ६ मे, रात्री १०.०४

ओवी वहीत उतरवून घेतली. मामी होत्या ना मामांच्या, त्या भाजी विकायच्या. कन्नडमधून.